डेटाबेस यूजरचा पासवर्ड कमांड लाइनवरून सुरक्षितपणे कसा बदलतात?

डेटाबेस यूजरचा पासवर्ड बदलणे हे एका ओळीच्या आज्ञेचे काम आहे. मायएस्क्यूएल असो, पोस्टग्रेएस्क्यूएल असो की ऑरेकल, आज्ञा टाइप करून एंटर दाबले की पासवर्ड लगेच बदलतो. अडचण वेगळीच असते. कमांड लाइनवर लिहिलेली ओळ संगणक तीन-चार ठिकाणी नोंदवून ठेवतो. त्या ओळीतच नवा पासवर्ड असेल, तर तोही त्या नोंदींमध्ये उघड्या अक्षरांत जाऊन बसतो. म्हणजे जुना पासवर्ड बाहेर फुटला म्हणून नवा ठेवावा, आणि बदलण्याच्या त्याच क्षणी नवाही फुटावा, असे घडू शकते. पासवर्ड मागे न ठेवता तो कसा बदलायचा, बदलताना चालू काम कसे थांबू द्यायचे नाही आणि नंतर काय तपासायचे, याची माहिती या लेखात दिली आहे.

लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टाइप करायच्या असतात.

डेटाबेस यूजर म्हणजे कोण?

डेटाबेस म्हणजे माहितीचे नीट रचलेले कपाट, आणि डेटाबेस यूजर म्हणजे ते कपाट उघडण्याचा परवाना असलेले नाव. हे नाव नेहमीच एखाद्या माणसाचे नसते. बहुतेक वेळा ते एखाद्या प्रोग्रामचे असते.

मुंबईतील बोरिवली पश्चिमेच्या गोराई वसाहतीचे उदाहरण घेता येईल. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे भूखंड पाडून दिले आणि त्यांवर लहान लहान गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. समजा, अशाच एका सोसायटीने आपला हिशेब संगणकावर आणला आहे. मेन्टेनन्सची बिले, पावत्या, थकबाकी, सभासदांचे फोन क्रमांक, नॉमिनींची नावे हे सारे एका भाड्याच्या सर्व्हरवरील मायएस्क्यूएल डेटाबेसमध्ये आहे. या डेटाबेसचे तीन यूजर आहेत. ‘रूट’ हा सर्वाधिकारी. ‘हिशेब’ हे नाव बिले काढणारा प्रोग्राम वापरतो. ‘बॅकअप’ हे नाव रोज रात्री माहितीची प्रत काढणारी आज्ञा वापरते.

येथे तीन वेगवेगळे पासवर्ड आहेत, हे आधी स्पष्ट असावे लागते. खजिनदार बिले पाहण्यासाठी प्रोग्राममध्ये टाकतो तो एक. सर्व्हरवर, म्हणजे लिनक्समध्ये, शिरण्याचा दुसरा. आणि प्रोग्राम डेटाबेसला देतो तो तिसरा. खजिनदाराने आपला पासवर्ड बदलला म्हणून ‘हिशेब’ या डेटाबेस यूजरचा पासवर्ड बदलत नाही. हा लेख तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पासवर्ड केव्हा बदलावा?

ज्या माणसाला पासवर्ड ठाऊक होता तो कामावरून गेला, प्रोग्राम बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाशी करार संपला किंवा व्यवस्थापक समिती बदलली, तर पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. पासवर्ड ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवला गेला असेल, स्क्रीनशॉटमध्ये दिसला असेल किंवा सर्व्हरवर कुणी परके शिरल्याची शंका असेल, तरीही बदलावा. प्रोग्राम बसवताना दिलेला मूळचा सोपा पासवर्ड तसाच चालू असेल, तर त्यासाठी वेगळे कारण शोधायची गरज नाही.

‘दर नव्वद दिवसांनी बदलाच’ हा जुना नियम मात्र आता मागे पडला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा तो बदलायला लावावा, उगाच ठरावीक मुदतीने लावू नये, असे सांगितले आहे. वारंवार सक्ती केली की माणसे शेवटचा आकडा तेवढा वाढवतात, हे त्यामागचे कारण. प्रोग्रामच्या पासवर्डला लक्षात ठेवण्याची अडचण नसते, म्हणून तो अधूनमधून बदलायला हरकत नाही. पण बदलण्याची पद्धत चुकीची असेल, तर प्रत्येक बदल ही पासवर्ड फुटण्याची नवी संधी ठरते.

टाइप केलेला पासवर्ड कुठे कुठे उरतो?

शेलचा इतिहास. लिनक्सवरील बॅश हा शेल टाइप केलेल्या आज्ञा लक्षात ठेवतो आणि सत्र संपताना त्या वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमधील एका लपलेल्या फाइलमध्ये लिहितो. वरचा बाण दाबल्यावर जुन्या आज्ञा दिसतात त्या याचमुळे. विंडोजमधील पॉवरशेलही असा इतिहास फाइलमध्ये ठेवतो. ‘डॅश पी’ या खुणेला चिकटून पासवर्ड लिहिला असेल, तर तो या फाइलमध्ये महिनोन्‌महिने राहतो.

चालू कामांची यादी. ‘पीएस’ ही आज्ञा दिली की सर्व्हरवर चालू असलेले प्रोग्राम त्यांच्या पूर्ण आज्ञेसह दिसतात. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ही यादी इतर साध्या वापरकर्त्यांनाही पाहता येते. मायएस्क्यूएलचा क्लायंट आपल्या आज्ञेतील पासवर्ड सुरू होताच झाकून टाकतो, पण त्याआधी एक छोटा क्षण तो उघडा असतो. इतर प्रोग्राम तेवढेही करतील याची खात्री नाही.

डेटाबेस क्लायंटचा इतिहास. डेटाबेसमध्ये शिरल्यावर दिलेल्या आज्ञांची वेगळी फाइल असते. पोस्टग्रेएस्क्यूएलचा ‘पीएसक्यूएल’ आणि मायएस्क्यूएलचा क्लायंट हे दोघेही आपापला इतिहास ठेवतात.

सर्व्हरचा लॉग. डेटाबेस सर्व्हरवर प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवण्याची सोय चालू असेल, तर पासवर्ड बदलण्याची आज्ञाही तिथे नोंदली जाऊ शकते.

वाटेतले जाळे. गोराईतल्या सोसायटीच्या कार्यालयातून दूरच्या सर्व्हरवर आज्ञा पाठवताना जोडणी सांकेतिक नसेल, तर मधल्या वाटेवर ती वाचता येते. म्हणून आधी ‘एसएसएच’ने सर्व्हरवर शिरावे आणि पासवर्ड तिथूनच बदलावा, किंवा डेटाबेसची जोडणी ‘टीएलएस’ने सुरक्षित केलेली असावी.

फाइली आणि त्यांच्या प्रती. प्रोग्रामला पासवर्ड कुठून तरी वाचावा लागतो. बहुतेक वेळा तो एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असतो. त्या फाइलच्या जुन्या प्रती, बॅकअप आणि ‘गिट’सारख्या नोंदवहीतील जुन्या आवृत्त्या यांतही तो उरतो.

या शेवटच्या मुद्द्याची किंमत मोठ्या कंपन्यांनी मोजली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत हल्लेखोर एका जुन्या त्रुटीतून शिरले. आत त्यांना एका फाइलमध्ये डेटाबेसची नावे व पासवर्ड उघड्या अक्षरांत सापडले. त्यांच्या आधारे ते त्या यंत्रणेशी संबंध नसलेल्या आणखी ४८ डेटाबेसपर्यंत पोहोचले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. टोयोटाच्या बाबतीत एका उपकंत्राटदाराने प्रोग्रामचा काही भाग २०१७ च्या डिसेंबरमध्ये गिटहबवर सर्वांना दिसेल असा ठेवला. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची किल्ली होती. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आले नाही. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली.

मूळ नियम: पासवर्ड ओळीत लिहू नये, विचारल्यावर द्यावा

वरील बहुतेक धोके एका सवयीने टळतात. पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहायचा नाही. आज्ञा पासवर्डाविना द्यायची आणि प्रोग्रामने विचारला की मग टाइप करायचा. अशा वेळी अक्षरे पडद्यावर उमटत नाहीत, आणि ते उत्तर शेलच्या इतिहासात किंवा चालू कामांच्या यादीत जात नाही.

मायएस्क्यूएलमध्ये ‘मायएसक्यूएल डॅश यू रूट डॅश पी’ एवढेच लिहून एंटर दाबले की तो पासवर्ड विचारतो. ‘डॅश पी’च्या पुढे जागा न सोडता पासवर्ड लिहिला, तर काम होते, पण आवृत्ती ५.६ पासून क्लायंट स्वतःच इशारा देतो की कमांड लाइनवर पासवर्ड देणे असुरक्षित ठरू शकते. हा इशारा दिसेपर्यंत पासवर्ड इतिहासात गेलेला असतो.

काही तंत्रज्ञ आज्ञेच्या आधी एक स्पेस सोडतात, म्हणजे बॅश ती ओळ इतिहासात घेत नाही. ही युक्ती बॅशमध्ये तशी मांडणी केलेली असेल तरच चालते, आणि चालू कामांच्या यादीला ती लागू नाही. तिच्यावर विसंबू नये.

मायएस्क्यूएल आणि मारियाडीबी

मायएस्क्यूएलच्या आत शिरल्यावर पासवर्ड बदलण्याची आजची आज्ञा ‘अल्टर यूजर’ ही आहे. तिच्यापुढे यूजरचे नाव, ‘ॲट’ची खूण, होस्टचे नाव, मग ‘आयडेंटिफाइड बाय’ आणि अवतरणचिन्हांत नवा पासवर्ड येतो. ‘सेट पासवर्ड’मध्ये ‘पासवर्ड’ हे फंक्शन वापरण्याची जुनी पद्धत अनेक ठिकाणी अजून लिहिलेली आढळते. ते फंक्शन मायएस्क्यूएल ८.० मध्ये काढून टाकले आहे, त्यामुळे ती आज्ञा तिथे चुकीची ठरते.

होस्टच्या नावाकडे नीट लक्ष द्यावे लागते. मायएस्क्यूएलमध्ये खाते म्हणजे नाव आणि होस्ट ही जोडी असते. ‘हिशेब ॲट लोकलहोस्ट’ हे एक खाते, आणि ‘हिशेब ॲट टक्केचिन्ह’, म्हणजे कुठूनही येणारा हिशेब, हे दुसरे. बोरिवलीच्या बाजूची गोराई वसाहत आणि खाडीपलीकडचे गोराई गाव यांचे नाव एकच, पण पत्ते दोन, तसेच हे आहे. एकाच खात्याचा पासवर्ड बदलला, तर दुसरे जुन्याच पासवर्डवर उघडे राहते. म्हणून बदलण्याआधी ‘मायएसक्यूएल’ या अंतर्गत डेटाबेसच्या ‘यूजर’ तक्त्यातून नावे व होस्ट यांची यादी काढावी. जी खाती लागत नाहीत ती ‘ड्रॉप यूजर’ने काढून टाकावीत.

या आज्ञेत नवा पासवर्ड पडद्यावर दिसतो, तेव्हा शेजारी कुणी उभे नसावे आणि स्क्रीन शेअर चालू नसावा. मायएस्क्यूएलचा क्लायंट ‘आयडेंटिफाइड’ किंवा ‘पासवर्ड’ हे शब्द असलेल्या ओळी आपल्या इतिहासात सहसा लिहीत नाही. सर्व्हरही लॉगमध्ये उघडा पासवर्ड येऊ देत नाही, मात्र ‘लॉग रॉ’ हा पर्याय चालू केला असेल तर ही राखण बंद होते. मारियाडीबी हा २००९ मध्ये मायएस्क्यूएलमधूनच निघालेला वेगळा डेटाबेस आहे, म्हणून त्यातही हेच घडेल असे गृहीत धरू नये.

पडद्यावरही पासवर्ड यायला नको असेल, तर ‘मायएसक्यूएल ॲडमिन’ हा वेगळा प्रोग्राम आहे. त्याला यूजरचे नाव, ‘डॅश पी’ आणि शेवटी नुसता ‘पासवर्ड’ हा शब्द दिला की तो आधी जुना आणि मग नवा पासवर्ड दोनदा विचारतो. ज्या यूजरने शिरायचे त्याचाच पासवर्ड असा बदलता येतो. नवा पासवर्ड सर्व्हरकडे उघडा जातो, म्हणून हे काम सर्व्हरवर बसूनच किंवा टीएलएस जोडणीवर करावे.

आवृत्ती ८.०.१८ पासून ‘आयडेंटिफाइड बाय रँडम पासवर्ड’ असे लिहिले की सर्व्हर स्वतः २० अक्षरांचा पासवर्ड तयार करून एकदाच दाखवतो. तो तिथून थेट पासवर्ड मॅनेजरमध्ये न्यावा.

‘अल्टर यूजर’नंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ द्यावे असे बऱ्याच ठिकाणी सांगितले जाते. त्याची गरज नसते. अंतर्गत तक्त्यात थेट ‘अपडेट’ने बदल केला असेल तरच ती आज्ञा लागते, आणि तसा थेट बदल करण्याची पद्धत टाळावी.

मारियाडीबीत १०.४ पासून लिनक्सवरील रूट हा डेटाबेसचा रूट म्हणून पासवर्डाविना शिरू शकतो. तिथे सर्व्हरचा लिनक्स पासवर्ड किंवा एसएसएचची किल्ली हीच खरी राखण असते.

पोस्टग्रेएस्क्यूएल

पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये यूजरला ‘रोल’ म्हणतात. ‘अल्टर रोल’ने पासवर्ड बदलता येतो, पण त्या आज्ञेत नवा पासवर्ड उघडा लिहावा लागतो. तो पीएसक्यूएलच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊ शकतो.

यासाठी पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ देऊन ‘पासवर्ड’ लिहिण्याची खास आज्ञा आहे. तिच्यापुढे रोलचे नाव द्यावे. न दिल्यास सध्याच्या यूजरचाच पासवर्ड बदलतो. ही आज्ञा नवा पासवर्ड दोनदा विचारते, त्याचे हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारे सांकेतिक रूप, इकडेच तयार करते आणि सर्व्हरला फक्त ते रूप पाठवते. त्यामुळे इतिहासात, लॉगमध्ये किंवा वाटेवर उघडा पासवर्ड कुठेच नसतो. पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये हाताने पासवर्ड बदलायचा असेल, तर हाच मार्ग धरावा.

जुन्या डेटाबेसमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये ‘स्क्रॅम’ ही मजबूत पद्धत आवृत्ती १० मध्ये आली आणि १४ पासून नेहमीची झाली. त्याआधी ‘एमडीफाइव्ह’ वापरत. सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला, तरी जुन्या रोलचे पासवर्ड जुन्याच रूपात पडून राहतात. पासवर्ड पुन्हा ठेवला की ते नव्या रूपात जातात.

‘पीजी एचबीए’ या फाइलमध्ये एखाद्या जोडणीपुढे ‘ट्रस्ट’ असे लिहिले असेल, तर त्या वाटेने येणाऱ्याला पासवर्ड विचारलाच जात नाही. अशा ठिकाणी पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी दार उघडेच राहते. बदल करण्याआधी ही फाइल वाचावी.

ऑरेकल, एसक्यूएल सर्व्हर आणि मोंगोडीबी

ऑरेकलच्या ‘एसक्यूएल प्लस’मध्ये ‘पासवर्ड’ अशी वेगळी आज्ञा आहे. ती जुना व नवा पासवर्ड न दाखवता विचारते, म्हणून ‘अल्टर यूजर’पेक्षा तीच बरी.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्व्हर पातळीवरचा ‘लॉगिन’ आणि डेटाबेसमधला ‘यूजर’ असे दोन प्रकार असतात. पासवर्ड सहसा लॉगिनला असतो, म्हणून आज्ञा ‘अल्टर लॉगिन’ अशी आहे. ‘एसक्यूएल सीएमडी’ सुरू करताना ‘कॅपिटल पी’पुढे पासवर्ड लिहू नये, विचारू द्यावा.

मोंगोडीबीत ‘चेंज यूजर पासवर्ड’ ही आज्ञा आहे. तिच्यात पासवर्डाच्या जागी ‘पासवर्ड प्रॉम्प्ट’ हे फंक्शन लिहिले की ती नवा पासवर्ड विचारून घेते. २०१७ च्या सुरुवातीला जगभरातील हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागण्यात आली होती. ते इंटरनेटवर पासवर्डाविनाच उघडे होते.

नवा पासवर्ड कसा असावा?

प्रोग्रामच्या यूजरचा पासवर्ड कुणी पाठ करायचा नसतो. म्हणून तो संगणकाकडूनच तयार करून घ्यावा. ‘ओपनएसएसएल रँड’ या आज्ञेला ‘हेक्स’ आणि १६ हा आकडा दिला की ३२ अक्षरांचा पासवर्ड मिळतो. त्यात फक्त आकडे आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे असतात. अधिकचे चिन्ह, तिरकी रेघ, डॉलर किंवा अवतरणचिन्ह असलेले पासवर्ड वाईट नसतात, पण जोडणीच्या पत्त्यात किंवा शेलमध्ये त्या चिन्हांना वेगळा अर्थ असतो आणि प्रोग्राम अडतो. लांबी पुरेशी असेल, तर साधी अक्षरे चालतात. सोसायटीचे नाव, प्लॉट क्रमांक, स्थापनेचे वर्ष अशा गोष्टी पासवर्डात असू नयेत, कारण त्या पावतीवरच छापलेल्या असतात.

रूट, हिशेब आणि बॅकअप या तिघांचे पासवर्ड वेगवेगळे असावेत. एकाच तंत्रज्ञाने पाच सोसायट्यांचे काम सांभाळले असेल, तर पाचही ठिकाणी एकच पासवर्ड नाही ना, हेही विचारावे.

प्रोग्रामला आणि आज्ञांना पासवर्ड कसा द्यावा?

रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला पासवर्ड विचारून उपयोग नसतो, कारण उत्तर द्यायला कुणी जागे नसते. तिथे पासवर्ड फाइलमध्ये ठेवावा लागतो, आणि ती फाइल वाचण्याची परवानगी फक्त मालकालाच द्यावी लागते. लिनक्समध्ये ही परवानगी ‘६००’ या आकड्याने सांगतात. पोस्टग्रेएस्क्यूएलच्या ‘पीजी पास’ फाइलची परवानगी याहून सैल असेल, तर क्लायंट ती फाइल वापरतच नाही. मायएस्क्यूएलमध्ये ‘माय सीएनएफ’ ही फाइल असते. शिवाय ‘कॉन्फिग एडिटर’ नावाचे साधन पासवर्ड झाकलेल्या रूपात ठेवते. ते रूप सहज न वाचता येणारे असले, तरी ती फाइल हाती लागलेल्या जाणकाराला ते सोडवता येते, म्हणून परवानगी तिथेही कडकच ठेवावी.

काम न थांबवता बदलण्याचा क्रम

डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला, पण प्रोग्रामच्या फाइलमध्ये जुनाच राहिला, तर पुढच्या क्षणापासून बिले निघणे बंद होते. घाईत मग जुना पासवर्ड परत ठेवला जातो आणि विषय तिथेच राहतो. हे टाळण्यासाठी क्रम असा असावा.

१. हा पासवर्ड कोण कोण वापरते याची यादी करावी: प्रोग्राम, बॅकअप, अहवाल काढणारी एखादी जुनी आज्ञा, तंत्रज्ञाचा लॅपटॉप.

२. ताजा बॅकअप घ्यावा आणि तो उघडतो हे पाहावे.

३. सर्वाधिकाऱ्याचे एक सत्र उघडे ठेवून दुसऱ्या सत्रात बदल करावा. काही चुकले, तर उघड्या सत्रातून दुरुस्ती करता येते.

४. मायएस्क्यूएल ८.०.१४ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर ‘अल्टर यूजर’च्या शेवटी ‘रिटेन करंट पासवर्ड’ लिहावे. मग जुना व नवा दोन्ही पासवर्ड काही काळ चालतात.

५. यादीतील प्रत्येक ठिकाणी नवा पासवर्ड घालावा, प्रोग्राम पुन्हा सुरू करावा आणि एक बिल काढून पाहावे.

६. सर्व ठिकाणी नवा पासवर्ड चालू लागला की ‘डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड’ने जुना बंद करावा. ही पायरी विसरली, तर आधीची सारी मेहनत वाया जाते.

पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये एका रोलला दोन पासवर्ड ठेवता येत नाहीत. तिथे हक्क आणि तक्त्यांची मालकी एका सामाईक रोलकडे ठेवून, शिरण्यासाठी दोन वेगळे रोल करतात. एक वापरात असताना दुसऱ्याचा पासवर्ड बदलायचा, प्रोग्राम त्यावर न्यायचा आणि मग पहिला बंद करायचा.

मात्र जुना पासवर्ड फुटल्याची खात्री असेल, तर दोन्ही चालू ठेवण्याची सवलत घेऊ नये. अशा वेळी काम थोडा वेळ थांबले तरी चालते.

बदलानंतरची तपासणी

पासवर्ड शिरतानाच तपासला जातो. जो आधीच आत आहे त्याची जोडणी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहते. म्हणून मायएस्क्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ने चालू जोडण्या पाहून अनोळखी जोडणी ‘किल’ने तोडावी. पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये हेच काम ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ आणि ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ यांनी होते.

त्यानंतर जुना पासवर्ड टाकून शिरून पाहावे. नकार मिळाला तरच बदल पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा बॅकअप खरोखर झाला का, हे पाहावे. बॅकअपची आज्ञा अनेकदा कुणाला न सांगता बंद पडते आणि ते माहिती परत हवी असते त्या दिवशी कळते.

जुन्या बॅकअपमध्ये यूजर आणि त्यांच्या पासवर्डांची सांकेतिक रूपेही असू शकतात. तो बॅकअप परत भरला, तर जुना पासवर्डही परत येतो. अशा वेळी पासवर्ड पुन्हा बदलावा लागतो.

चुकून आज्ञेच्या ओळीत पासवर्ड लिहिला गेला असेल, तर इतिहासातून ती ओळ काढून भागत नाही. ती आणखी कुठे गेली हे नक्की सांगता येत नसल्याने, तो पासवर्ड फुटला असे समजून नवा ठेवावा.

रूटचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल तर

पोस्टग्रेएस्क्यूएलमध्ये नेहमीच्या मांडणीत सर्व्हरवरील ‘पोस्टग्रेस’ या लिनक्स वापरकर्त्याच्या नावाने पीएसक्यूएल उघडता येतो आणि तिथून पासवर्ड बदलता येतो. त्यासाठी ‘ट्रस्ट’ लावण्याची गरज पडत नाही. मायएस्क्यूएलमध्ये ‘अल्टर यूजर’ची आज्ञा एका फाइलमध्ये लिहून सर्व्हर ‘इनिट फाइल’ या पर्यायासह सुरू करतात आणि काम झाले की ती फाइल पुसतात. ‘स्किप ग्रँट टेबल्स’ हा पर्याय अधिक प्रसिद्ध आहे, पण तो चालू असेपर्यंत डेटाबेस कुणालाच पासवर्ड विचारत नाही. तो तसाच राहून गेला, तर पासवर्ड नसल्यासारखेच आहे.

माहिती बाहेर गेल्याचे दिसले तर

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये, वाजवी सुरक्षा न ठेवल्याने माहिती फुटल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या व सरकारी संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. म्हणून शंका आल्यावर लॉग पुसू नयेत, त्यांची प्रत काढून ठेवावी. आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते.

पासवर्ड बदलल्याची तारीख, कोणत्या यूजरचा बदलला आणि कुणी बदलला एवढी नोंद सोसायटीच्या दप्तरात असावी. पासवर्ड मात्र त्या नोंदीत लिहू नये. तो पासवर्ड मॅनेजरमध्ये, किंवा सीलबंद पाकिटात समितीच्या दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात असावा, म्हणजे तंत्रज्ञ बदलला तरी डेटाबेसची किल्ली सोसायटीकडेच राहते.